पहिला घास मुलांचा

शाळेत सगळे त्यांना भाजीबाई म्हणत. नाव मुलांनी ठेवलं, शिक्षकांनी उचललं आणि ते असं काही चिकटलं, की पगाराच्या दिवशी कुणी खरं नाव पुकारलं तर त्या आधी मागे वळून बघत, कुणाला बोलावताहेत म्हणून.

आधी त्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मोरीपाशी उभं राहून मुलांची ताटं खरवडण्यात घालवली. पाव संपलेला, बटाटे संपलेले, गोड तर चाटूनपुसून साफ, आणि कडेला भाजी मात्र वाढली तशी. मोरीखालची उष्ट्याची बादली रोज भरायची, रोज ओतली जायची. ती बादली दिसली की भाजीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. स्वयंपाकघरातल्या इतर बायका म्हणायच्या, कशाला जिवाला लावून घेता, मुलंच ती. पण जिवाला लावून घेणं हा त्यांचा स्वभावच होता, आणि स्वभावाला कोण काय करणार.

मग गुडघ्यांनी दगा दिला. दिवसभर उभं राहणं जमेना. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, त्यांना बोलावून विचारलं की आता तुमचं काय करायचं. भाजीबाईंनी पाण्याच्या टाकीमागची पट्टी मागितली. मोडक्या बाकांचा ढीग आणि हातभर गवत, एवढंच तिथे होतं. मोठ्या बाईंना वाटलं, म्हातारपणी चार झाडं लावतील आणि गप्प बसतील. भाजीबाईंनी बाक हलवून घेतले, माती उलथून घेतली आणि वर्गावर्गातून मुलं बोलावली. त्यांचं म्हणणं एकच होतं. मुलाने जे पेरलं ते मूल खातं.

आणि ते खरं ठरलं. ज्या पोरांनी आयुष्यात पालक तोंडाला लावला नव्हता ती पोरं वाफ्यातला पालक उपटून, धुवायचा धीर न धरता खाऊ लागली. स्वतः पेरलेल्या मुळ्याला नावं ठेवणारं मूल विरळाच. मधल्या सुट्टीत मुलं घास मोजून भांडू लागली, तिला जास्त का, मला कमी का. आया शाळेच्या फाटकापाशी थांबून भाजीबाईंचे हात हातात घेत. मोरीखालची बादली निम्म्याने रिकामी राहू लागली, तेव्हा भाजीबाई एकदा मुद्दाम स्वयंपाकघरात गेल्या आणि तिच्याकडे बघून मनापासून हसल्या. इथपर्यंत सगळं छान होतं. छान होतं म्हणूनच कुणी पुढचा विचार केला नाही.

बागेचे नियम दोनच. पहिला, पहिला घास मुलांचा. त्यालाही कारण होतं. पहिल्या वर्षी चित्रकलेचे सर सहज वाफ्यापाशी आले, मेथीचं पान खुडून तोंडात टाकलं आणि तोंड वेडंवाकडं करून म्हणाले, कडू आहे की हो. झालं. मागे उभ्या सगळ्या रांगेने हातातली पानं खाली टाकली, आणि मोठ्या कष्टाने आलेली मेथी तशीच जून होऊन गेली. भाजीबाईंनी सरांशी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला. तेव्हापासून मुलांच्या आधी कुठल्याही मोठ्या माणसाने बागेतलं काही चाखायचं नाही, अगदी भाजीबाईंनीही नाही, असं ठरलं. मुलं हा नियम मोठ्या अभिमानाने पाळायची आणि मोठ्यांना पाळायला लावायची.

दुसरा नियम, तोंड वाकडं करायचं नाही. जो घास न कुरकुरता, चेहऱ्यावरची रेघ न हलवता गिळेल त्याला पाण्याची नळी धरायला मिळायची. नळीला पुढे पितळी तोटी होती, ती पिरगळली की पाण्याचे पंख्यासारखे तुषार उडायचे. त्या नळीसाठी मुलं जिवाचं रान करत. कारल्याची फोड नुसती चावून दाखवत, डोळ्यांत पाणी आलं तरी ओठ हलू देत नसत. नळीसाठी ही कार्टी काय वाटेल ते गिळतील, असं शाळेचा रखवालदार हसून म्हणायचा, आणि भाजीबाईही हसायच्या.

या सगळ्यांत चिमणी सर्वांत पुढे. चिमणी म्हणजे भाजीबाईंच्या लेकीची लेक. लेक आणि जावई दोघेही कारखान्यात पाळ्या करायचे, त्यामुळे पोर बहुतेक आजीकडेच असायची. चिमणीएवढं खायची म्हणून चिमणी. दुधात बुडवलेला पाव सोडला तर तिच्या घशाखाली काही उतरायचं नाही. हातपाय काड्यांसारखे, डोळे तेवढे मोठे. डॉक्टरांनी एकदा लेकीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की हे असंच चाललं तर पोरीला दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. लेक घरी येऊन आईसमोर रडली. भाजीबाई रडल्या नाहीत. साऱ्या शाळेला खायला शिकवलं आणि स्वतःची नात उपाशी, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी मनाशी ठरवलं, या पोरीला मी खायला शिकवीनच. त्यांना दुसरं काही मागायचं नव्हतं.

चिमणीला त्यांनी बागेत नेलं, तिच्या हातून वाटाणा पेरला, आणि शेंग धरली तेव्हा बाजूला जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने मागून शेंग फुटल्याचा आवाज आला. मग चावल्याचा. भाजीबाईंनी वळून बघितलं नाही, पण त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून पोर खाऊ लागली. पालक, मुळा, टोमॅटो, कारलंसुद्धा. अंगावर मूठभर मांस चढलं, गालांना रंग आला. तोंड वाकडं न करण्यात तर तिचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काय जादू केलीत. लेक म्हणाली, आई, तू माझं लेकरू परत दिलंस. असं कुणी म्हटल्यावर माणूस स्वतःच्या नियमांवर शंका कशाला घेईल?

आता दुधीचं सांगायला हवं.

बागेच्या एका बाजूला भाजीबाईंचा दुधीचा वेल होता आणि समोरच्या कुंपणावर चित्रकलेच्या सरांचे भोपळे. सरांचे भोपळे खायचे नव्हतेच. ते वाळवायचे, पोखरायचे आणि मुलांकडून रंगवून घ्यायचे, कुणी त्यांचे दिवे करी, कुणी पक्ष्यांची घरटी. दोन्ही वेलांची फुलं सारखीच, पांढरी, संध्याकाळ झाली की उमलणारी. आदल्या वर्षी दुधीवर मादी फुलं भरपूर आली, पण नर फुलं मोजकीच. भाजीबाई मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून घेत आणि नर फूल खुडून मादी फुलावर हलकेच कसं टेकवायचं ते दाखवत. मुलांना त्यात भारी मौज वाटे. नर फुलं कमी पडली तेव्हा त्यांनी चिमणीला समोरच्या कुंपणाकडे पिटाळलं. सरांची फुलं आण जा, फुलासारखं फूल, त्याला काय झालं. सरांनी दुसऱ्या दिवशी फुलं चोरल्याबद्दल लटकी तक्रार केली. भाजीबाईंनी त्यांना चार दुधी पाठवून दिले आणि भांडण मिटलं.

ते दुधी कोवळे आणि गोड होते. सगळ्यांनी खाल्ले. त्यातला एक भाजीबाईंनी वेलावरच जून होऊ दिला, वाळवला, फोडला आणि त्याच्या बिया या वर्षीसाठी जपून ठेवल्या. आपल्याच बागेतलं बी, याचं त्यांना केवढं कौतुक. दुधी चांगला निघाला म्हणजे त्याच्या पोटातलं बीही चांगलंच असणार, असं त्या धरून चालल्या. फळ आईच्या वळणावर जातं आणि बापाचं जे काही असेल ते बीमध्ये दबा धरून बसतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते शाळेत कुणाच्याच ध्यानात आलं नाही, विज्ञान शिकवणाऱ्यांच्याही नाही.

या वर्षीचा वेल जोमाने चढला. इतका, की रखवालदार म्हणाला, याला कुणाची नजर लागेल. फळं धरली. बागेतल्या खारी अशा आगाऊ, की टोमॅटो लाल व्हायच्या आत कुरतडत आणि काकडीला भोकं पाडत. पण या दुधींना खारीचा दात लागला नाही. एका फळावर कोवळेपणी थोडं कुरतडल्याची खूण होती, आणि पुढे तिथूनच खार परत फिरली होती. भाजीबाईंनी ती खूण बघितली. आपण शिंपडलेल्या राखेचा हा गुण, असं त्यांनी मुलांना सांगितलं, आणि मुलांनी राखेचं चित्र काढून वर्गात लावलं.

फळांचा आकारही थोडा वेगळा होता. दुधी सरळ, लांब असतो. यांना मानेपाशी किंचित आवळल्यासारखं आणि खाली पोट. चित्रकलेचे सर बघून म्हणाले, या तर माझ्या भोपळ्यांच्या बहिणी दिसतात. भाजीबाईंनी त्यांना सुनावलं, की मेथीच्या वेळी तुम्ही तोंड उघडलंत आणि माझा वाफा फुकट गेला, आता माझ्या दुधीला दृष्ट लावू नका. सर हसत निघून गेले. त्या रात्री मात्र भाजीबाईंना उगाचच झोप लागेना. मानेपाशी आवळलेली ती फळं डोळ्यांसमोरून हलेनात. सकाळी त्यांनी स्वतःलाच वेड्यात काढलं.

दुधी काढायचा दिवस आला तेव्हा आभाळ भरून होतं आणि पानही हलत नव्हतं. मुलांनी एकेक फळ दोन्ही हातांनी धरून मिरवणुकीने स्वयंपाकघरात आणलं. त्याच जुन्या मोरीपाशी भाजीबाईंनी दुधी धुतले, पाट घेतला, विळीऐवजी सुरी घेतली आणि पहिल्या दुधीचा शेंडा कापला.

दुधी चिरताना शेंड्याचा तुकडा आधी जिभेला लावून बघायचा, कडू निघाला तर अख्खा दुधी टाकून द्यायचा. आयुष्यभर घरी त्यांनी हेच केलं होतं. लेकीला शिकवलं होतं, शेजारणींना सांगितलं होतं. हाताला इतकी सवय, की डोक्याला विचारायची गरज नाही. तुकडा आपोआप ओठांपर्यंत गेला.

"बाई, पहिला घास आमचा," कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळीच मुलं तेच म्हणू लागली.

चिमणी सर्वांच्या पुढे उभी होती. तिने आजीच्या मनगटावर हात ठेवला. "आजी, तूच नियम मोडतेस?"

भाजीबाई हसल्या. खरंच की, म्हणाल्या, आणि तो तुकडा पाटावर ठेवला. मग किसला तोही. मीठ त्या अंदाजाने घालत, चाखायच्या भानगडीत कधीच पडत नसत. मोठ्या पातेल्यात दुधीचा कीस उकळला, वर जिऱ्याची फोडणी पडली, आणि गरम सूप पेल्यांत ओतून मुलांच्या रांगेपुढे आलं.

रांगेत पहिली नन्ना होती. तिचं नाव नन्ना, कारण कशालाही नन्नाचा पाढा. बागेच्या सगळ्या जादूला पुरून उरलेली ही एकटीच पोर. तिने एक घोट घेतला आणि सरळ मोरीत थुंकून टाकला. कडू आहे, म्हणाली. भाजीबाईंना हे रोजचंच होतं. नन्नाला पालकही कडू लागायचा आणि गाजरही.

"चिमणीकडे बघ जरा," त्या म्हणाल्या. "बघ आणि शीक."

चिमणीने सगळ्यांकडे एकदा नजर टाकली, पेला तोंडाला लावला आणि खाली ठेवला तो रिकामाच. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. मग तिने नन्नाचा पेला उचलला आणि तोही संपवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या मुलांनी एकमेकांकडे बघितलं, एकेक घोट घेतला, आणि ओठ घट्ट मिटून गिळला. कुणी पुन्हा मागितलं नाही. रोजचा कलकलाट नव्हता. भाजीबाईंनी एकदा पातेल्याकडे बघितलं, पण इतक्यात नळीची वेळ झाली होती.

नळी अर्थातच चिमणीला मिळाली. ती वाफ्यांपुढे उभी राहून पाणी उडवत होती. भाजीबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. पाण्याचा पंखा आधी नीट होता. मग तो थरथरायला लागला. मग खाली कलला, आणि पाणी चिमणीच्याच पायांवर पडू लागलं, तरी तिने पाय हलवले नाहीत.

भाजीबाईंनी पातेल्यात बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. कारलं कडू असतं, मेथी कडू असते, पण ते कडूपण गिळलं की जातं. हे गेलं नाही. ते जिभेच्या मुळापर्यंत उतरलं आणि तिथेच बसून राहिलं.  फुलं, बिया, खारीने सोडलेलं फळ, मानेपाशी आवळलेला आकार, सगळं एका क्षणात एका ओळीत येऊन उभं राहिलं. त्या बाहेर धावल्या. ज्या गुडघ्यांनी दगा दिला होता त्याच गुडघ्यांवर त्या धावल्या. पण त्या पोचायच्या आधीच चिमणी नळीसकट चिखलात बसली होती आणि ओकत होती.

एक घोट घेतलेल्या मुलांना मळमळलं, उलट्या झाल्या, संध्याकाळपर्यंत ती सावरली. चिमणीच्या पोटात दोन पेले होते. रुग्णालयात नेईपर्यंत तिचे हात गार पडले होते. उलटीत रक्त होतं. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि सांगितलं, की या विषावर उतारा नाही, रक्तदाब सांभाळायचा आणि शरीराने ते बाहेर टाकायची वाट बघायची. एवढ्याशा अंगाला फार झालं, म्हणाले. मोठा माणूस कडू दुधीचा एक घास घेतो आणि थुंकतो. ही थुंकली का नाही, तेच त्यांना समजेना.

लेक कामाच्या कपड्यांवरच आली.  बाकावर आईच्या शेजारी बसली.

"घरी दुधी चिरताना तू मला आधी चाखायला लावायचीस, आई," ती म्हणाली. "मी लहान होते तेव्हापासून."

 काही म्हणायला भाजीबाईंनी तोंड उघडलं असतं तर मुलांसमोर जे कधी होऊ दिलं नाही ते इथे झालं असतं, तोंड वाकडं झालं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्या ओठ मिटून बसल्या. त्यांचीच शिकवण होती ती.

ती रात्र आणि पुढचा दिवस कसा गेला ते भाजीबाईंना नंतर धड सांगता यायचं नाही. पडद्याआड यंत्राचा आवाज येत राहायचा, तो थोडा जरी बदलला तरी दोघी मायलेकी एकदम उठायच्या. मग केव्हातरी चिमणीच्या हातात ऊब आली. डोळे उघडले. डॉक्टरांनी तिच्या उशाशी बसून विचारलं, की एवढं कडू लागलं, तर थुंकली का नाहीस?

"थुंकलं की नळी मिळत नाही," चिमणी म्हणाली. एवढं सोपं उत्तर डॉक्टरांना कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

डॉक्टरांनी मान वळवून भाजीबाईंकडे बघितलं. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

चिमणी वाचली. घरी आली ती पुन्हा काड्यांसारखे हातपाय घेऊन. शाळेने टाकीमागच्या पट्टीला कुलूप लावलं. मोठ्या बाई चांगल्या शब्दांत बोलल्या, कुणी भाजीबाईंना बोल लावला नाही, आणि फाटकापाशी थांबणाऱ्या आया आता खाली बघून पुढे जाऊ लागल्या. हे सगळं त्यांनी मुकाट्याने सोसलं. त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं होतं. चिमणी काही खात नव्हती. पाव नाही, दूध नाही. डॉक्टरांनी पुन्हा तोच नळीचा विषय काढला, अन्नाच्या नळीचा. लेकीने पाळीवरून आल्यावर रडून, समजावून, रागावून बघितलं आणि हात टेकले.

एका दुपारी लेक कामावर होती. भाजीबाईंनी गाजर उकडलं, चुरलं, चमच्यात घेतलं आणि चिमणीच्या तोंडापाशी नेलं. चिमणीने तोंड मिटूनच ठेवलं. डोळे चमच्यावर नव्हते, आजीच्या चेहऱ्यावर होते.

"आधी तू," ती म्हणाली.

भाजीबाईंनी चमचा वळवला आणि स्वतःच्या तोंडाकडे नेला. मुलांच्या आधी घास घ्यायला हात धजेना. एवढ्या वर्षांची सवय.

"आणि आजी, खरं तोंड कर."

भाजीबाईंनी घास तोंडात घातला. गाजर गोड होतं. साधं, उकडलेलं, गोड गाजर. पण चिमणी टक लावून बघत होती, तिला त्या चेहऱ्यावरून ठरवायचं होतं, की हे पोटात घ्यायचं का नाही. भाजीबाई घास घोळवत राहिल्या. गोड लागल्यावर आपलं खरं तोंड कसं होतं, हे त्यांना काही केल्या आठवेना.